घड्याळ उघडून दाखवणारी माणसं

प्रश्न : वर्षभरापासून मला मनगटी घड्याळांचा नाद लागला आहे. रोज तास-दीड तास यूट्यूबवर घड्याळांचे व्हिडिओ बघतो. कुठली कंपनी कोणतं नवं मॉडेल आणते आहे ते तोंडपाठ झालंय, पण माझ्याच हातातलं ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी मिळणारं घड्याळ, आत कसं चालतं हे कोणी विचारलं तर सांगता येत नाही. कुठले चॅनल बघावेत आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझेच जुने दिवस आठवले. वडिलांचं चावीचं घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा ते बंद होतं. ते का बंद आहे हे शोधायला मी व्हिडिओ बघू लागले आणि पहिले दोन महिने 'या वर्षीची दहा उत्तम घड्याळं' याच्या पुढे सरकले नाही. घड्याळ तसंच बंद. मग एका रात्री कोणीतरी एका घड्याळाचं मागचं झाकण फिरवून काढताना दिसलं, आणि त्या दिवसापासून माझं बघणंच बदललं. म्हणून माझा आग्रह एकच आहे. घड्याळ उघडणाऱ्यांचे चॅनल आधी बघा, घड्याळ सुचवणाऱ्यांचे नंतर.

सुरुवात मात्र चॅनलने करू नका, एका जुन्या फिल्मने करा. हॅमिल्टन कंपनीने 1949 मध्ये 'हाऊ अ वॉच वर्क्स' नावाची साधारण वीस मिनिटांची फिल्म काढली होती. ती यूट्यूबवर सहज सापडते. घड्याळाचे भाग मोठ्या आकारात बनवून ते टेबलावर चालवून दाखवले आहेत. चावी दिली की मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, गुंडाळली जाते, तिची ताकद चाकांच्या रांगेतून एस्केप व्हील या शेवटच्या दातेरी चाकापर्यंत पोचते, तिथे पॅलेट फोर्क नावाचा छोटा दुबोटी भाग एकेक दात अडवतो आणि सोडतो, आणि प्रत्येक वेळी बॅलन्स व्हीलला, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाला, हलकासा धक्का देतो. टिकटिक म्हणजे त्या अडवण्या-सोडण्याचा आवाज. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की घड्याळ कानाशी धरण्याचा अर्थ बदलतो. आजची बरीचशी ऑटोमॅटिक ताशी 28,800 ठोके देतात, म्हणजे सेकंदाला आठ. जुनी चावीची बरीच घड्याळं 18,000 वर चालतात, म्हणजे सेकंदाला पाच. वडिलांच्या घड्याळाचा आवाज मला लहानपणापासून संथ वाटायचा. तो खरोखरच संथ होता.

त्यानंतर 'रिस्टवॉच रिव्हायव्हल'. हे चॅनल चालवणारा माणूस पेशाने घड्याळजी नाही, हौशी आहे आणि तसं तो स्वतःच सांगतो. तेच त्याचं बळ आहे. जे त्याला स्वतःला शिकावं लागलं ते तो गृहीत धरत नाही. एक बंद पडलेलं जुनं घड्याळ घ्यायचं, पूर्ण सुटं करायचं, प्रत्येक भाग धुवायचा, तेल देत परत जोडायचं, इतकाच ऐवज. पण प्रत्येक चाक उचलताना ते काय करतं हे तो सांगतो, आणि जोडताना तेच भाग उलट क्रमाने पुन्हा समोर येतात. एका व्हिडिओत तीच गोष्ट दोनदा कळते, आणि पाच-सहा व्हिडिओंनंतर तो बोलायच्या आधी पुढचा भाग तुम्हाला ओळखू यायला लागतो.

शेवटी टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र, येतं तो भाग घाईत पुढे ढकलू नका. घड्याळ मायक्रोफोनवर ठेवलं की पडद्यावर तीन आकडे दिसतात. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्सच्या झोक्याचा कोन किती अंश, आणि दोन्ही बाजूंच्या झोक्यांत मिलिसेकंदाचा फरक किती. पूर्ण चावी दिलेलं, नीट सर्व्हिस झालेलं घड्याळ साधारण 270 ते 300 अंशांचा झोका घेतं. सर्व्हिसआधी 180 असलेला आकडा नंतर 280 झाला की आनंद होतो, आणि आता तो का झाला हेही समजतं. वाळलेलं तेल गेलं, घर्षण कमी झालं, स्प्रिंगची ताकद बॅलन्सपर्यंत पोचली.

व्यावसायिकांचे हात बघायचे असतील तर ब्रिटिश घड्याळजीचं 'वॉच रिपेअर चॅनल' आणि नेदरलँड्समधलं 'क्रोनोग्लाइड' ही दोन धरा. पहिलं शिक्षकासारखं आहे, संथ, नेमकं. दुसऱ्यात आधीच्या कुणीतरी केलेल्या चुका शोधून त्या निस्तरणं बघायला मिळतं. घासलेले स्क्रू, चुकीचे भाग, नको तिथे ओतलेलं तेल. जुनं घड्याळ विकत घेण्याआधी अशा गोष्टी पाहिलेल्या बऱ्या.

आता माझं सर्वांत लाडकं चॅनल. ते मनगटी घड्याळांचं नाही, तरी तुम्ही बघावं असं मला मनापासून वाटतं. 'क्लिकस्प्रिंग' ऑस्ट्रेलियातून चालतं. आधी त्याने पितळ आणि पोलाद कापून, घासून, दात पाडून एक अख्खं टेबलावरचं घड्याळ बनवलं. मग अँटिकिथेरा यंत्राची प्रतिकृती हाती घेतली. ग्रीसजवळच्या समुद्रात बुडालेल्या जहाजातून 1901 मध्ये वर आलेलं, दोन हजार वर्षांहून जुनं, दातेरी चाकांचं ते खगोलयंत्र. ते करताना त्या काळची अवजारं कशी असतील याचाही तो शोध घेत गेला. यंत्राच्या कॅलेंडरच्या कड्यावर बारीक छिद्रं आहेत. कडं तुटलेलं असल्याने मूळची एकूण संख्या हिशेबानेच काढावी लागते, आणि बरीच वर्षं ती 365 धरली जात होती. त्याने सहकाऱ्यांसोबत मोजमापं करून 2020 मध्ये शोधनिबंधातून मांडलं की ती 354 असावीत, म्हणजे ते चांद्रवर्षाचं कॅलेंडर असावं. पुढे 2024 मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासात वापरतात ती सांख्यिकी पद्धत लावली, आणि उत्तर 354 किंवा 355 च्या बाजूने आलं. कार्यशाळेत कानस चालवणाऱ्या हातांनी हा प्रश्न नव्याने उभा केला, हे वाचलं तेव्हा मी उठून घरभर फिरले होते.

क्वार्ट्झला, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांना, कमी लेखू नका. 'इंजिनिअरगाय' या चॅनलवर एक प्राध्यापक साधं क्वार्ट्झ घड्याळ उघडून त्यातला स्फटिक दाखवतात. तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो, तोच काट्याला पुढे ढकलतो. सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, अॅस्ट्रॉन, 25 डिसेंबर 1969 ला विक्रीला आणलं.

प्रश्न : बहुतेक परीक्षणकर्ते स्वतःच घड्याळं विकतात असं दिसतं. मग त्यांच्यावर विश्वास ठेवायचा का?

उत्तर : ठेवायचा, पण कोण कुठे उभं आहे हे माहीत करून घेऊन. 'वॉचफाइंडर' वापरलेली घड्याळं विकतं, आणि 2018 पासून ते रिशमाँ समूहाच्या मालकीचं आहे. कार्टिए, आयडब्ल्यूसी, जेजर-लकूल्ट्र हे ब्रँड त्याच समूहाचे. 'हुडिंकी' 2008 मध्ये सुरू झालं ते लिहिण्यासाठी. हे नाव मनगटी घड्याळाच्या चेक शब्दावरून घेतलंय. पुढे तिथे घड्याळं विकली जाऊ लागली आणि 2024 मध्ये 'वॉचेस ऑफ स्वित्झर्लंड' या विक्रेत्या समूहाने ते विकत घेतलं. 'टेडी बाल्डासारे' आणि 'लाँग आयलंड वॉच' यांचीही दुकानं आहेत, दुसऱ्याचा तर आयलंडर नावाचा स्वतःचा ब्रँड आहे. यातलं काहीच लपवलेलं नाही.

तरी मी हे सगळे बघते. वॉचफाइंडरचा कॅमेरा घड्याळाच्या इतक्या जवळ जातो की पुलाची, म्हणजे चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीची, कड यंत्राने कापून सोडलीय की हाताने तिरपी घासून चकाकवलीय हे दिसतं. अस्सल आणि नकली घड्याळ शेजारी ठेवून केलेले त्यांचे व्हिडिओ तर प्रत्येकाने बघावेत. हुडिंकीच्या 'टॉकिंग वॉचेस' मालिकेत पाहुणे आपली घड्याळं टेबलावर मांडतात आणि त्यांच्याविषयी बोलतात. 2013 मध्ये संगीतकार जॉन मेयरपासून ती सुरू झाली. गोल्फपटू जॅक निकलस वर्षानुवर्षं वापरलेल्या सोन्याच्या रोलेक्सविषयी बोलतात तो भाग आधी बघा. ज्याने एकच घड्याळ आयुष्यभर घातलं, त्याच्याकडे सांगायला जास्त असतं असं माझं मत आहे. आणि वापरातल्या छोट्या शंका असतील तर लाँग आयलंड वॉचचे माहितीपर व्हिडिओ उपयोगी आहेत. दुकानदाराला ग्राहकांचे खरे प्रश्न माहीत असतात.

विकत घ्यायच्या सल्ल्यासाठी मात्र मी परीक्षण ऐकताना वही घेऊन बसते. घड्याळ परीक्षणकर्त्याने विकत घेतलं की कंपनीने पाठवलं, हे सांगितलं का? व्यासाबरोबर जाडी आणि पट्टा अडकवायच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी दिली का? मनगटावर घड्याळ बसेल की नाही हे व्यासापेक्षा त्या लांबीवर ठरतं. अंधारात काटे दाखवले का? दिवसाला किती सेकंद चुकतं ते मोजलं का? काय आवडलं नाही ते सांगितलं का? माफक किमतीच्या घड्याळांसाठी मला 'जस्ट वन मोअर वॉच' या कसोटीवर बरं वाटतं, कारण तिथे उणिवाही बोलल्या जातात. 'आता संपत आलंय, लवकर घ्या' असं वाक्य कानावर पडलं की मी व्हिडिओ बंद करते, चॅनल कुठलंही असो.

प्रश्न : या सगळ्यांचं इंग्रजी भराभर असतं. अर्धं निसटतं. काय करू?

उत्तर : वेग 0.75 वर ठेवा आणि सबटायटल लावा. दुरुस्तीचा व्हिडिओ असेल तर पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा, कागदावर चाकांची रांग काढा, मग आवाज लावून नावं भरा. मी असंच केलं. काढलेली चित्रं अजून आहेत.

प्रश्न : व्हिडिओ पाहून आजोबांचं घड्याळ स्वतः उघडावंसं वाटतं. उघडू का?

उत्तर : आज नको. मी उघडलं होतं आणि त्याची किंमत मोजली. चावी देताना जे लहानसं खटक-खटक होतं, ते क्लिक नावाच्या खिटीचं. ती दातांवर दाबून धरणारी केसासारखी बारीक स्प्रिंग म्हणजे क्लिकस्प्रिंग. मी वरचा पूल उचलला आणि ती उडाली. टॉर्च घेऊन सगळी संध्याकाळ जमीन शोधली, सापडली नाही. ती नसेल तर दिलेली चावी टिकत नाही, घड्याळ चालूच शकत नाही. त्याच मॉडेलचं दुसरं मोडकं घड्याळ मिळवून त्यातली स्प्रिंग घेईपर्यंत आठ महिने गेले. नंतर, उघडण्याआधी पाहिलेला व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा दिसलं की स्प्रिंग सोडवताना त्यातल्या माणसाने दुसऱ्या हाताने लाकडी काडी तिच्यावर दाबून धरली होती. पहिल्यांदा बघताना माझं लक्ष फक्त चिमट्याकडे होतं.

शिकायला आधी ईटीए कंपनीचं 6497 हे यंत्र किंवा त्याची सी-गल कंपनीची एसटी 36 ही प्रत घ्या. चावीचं यंत्र आहे, 36.6 मिलिमीटरचं, म्हणजे मूळचं खिशातल्या घड्याळाच्या आकाराचं. भाग मोठे, डोळ्याला दिसणारे, आणि बिघडलं तर बदलता येणारे. सुटं करायच्या आधी मेनस्प्रिंगचा ताण हळूहळू सोडवा. ताण असताना पॅलेट फोर्कचा पूल काढला तर चाकं भर्रकन फिरतात आणि त्यांच्या आसांची बारीक टोकं मोडू शकतात. घड्याळजीचं भिंग, दोन चांगले चिमटे आणि बरोबर मापाचे स्क्रू-ड्रायव्हर लागतील. दहा वेळा सुटं करून दहा वेळा चालू झालं की मग आजोबांच्या घड्याळाचा विचार करा.

तेव्हाही तबकडीला हात लावू नका, कापसानेसुद्धा नाही. जुन्या तबकडीवरची अक्षरं ओल्या बोळ्याने पुसली जातात आणि ती परत येत नाहीत. वडिलांच्या घड्याळाच्या तबकडीवर चारच्या आकड्याजवळ एक तपकिरी डाग आहे, तो मी तसाच ठेवलाय. घड्याळ दिवसाला बारा सेकंद पुढे जातं. रोज सकाळी चावी देते, आणि ती खिटी प्रत्येक दातावर वाजताना ऐकते.