नाव गाळायचं नाही

पोरी,

तुझा रात्री दीडचा तो लांबलचक मेसेज सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. शाळेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेतलं इतिहासाचं प्रकरण तुझ्याकडे आलं, तू ऑफिसातलं जुनं कपाट उघडलंस, आणि शिक्षेच्या वहीत घरची भाषा बोलले म्हणून दंड झालेल्या मुलांची यादीच निघाली. खाली सही कुणाची, तर ज्या फादरांच्या नावाने आज हॉल आहे त्यांची. कमिटी म्हणते पॉझिटिव्ह ठेवा, आणि तू मला विचारतेस, सर, हे काम सोडून देऊ का. सोडायचा प्रश्नच येत नाही, त्यावर मी शब्द खर्च करणार नाही. तुझं शाळेवर प्रेम नसतं तर तुला दीड वाजता झोप लागलेली असती. मला एवढंच म्हणायचंय की नाव गाळायचं नाही.

कमिटीला इतिहास म्हणजे संस्थापक, कोनशिला, नवी विंग आणि निकालाची टक्केवारी वाटते. ते टाक, दोन पानांत होतं. पण शाळा म्हणजे असेंब्लीच्या रांगेत पुढच्याच्या मानेकडे बघत प्रार्थना म्हणणारी पोरं, कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, तासाला कॅथलिक मुलं एका वर्गात आणि बाकीची मॉरल सायन्सला, मग मधल्या सुट्टीत तुम्हाला काय शिकवलं, आम्हाला काय शिकवलं हे एकमेकांना विचारणं, स्पोर्ट्स डेला हाऊससाठी घसा बसेपर्यंत ओरडणं, आणि कन्फेशनच्या रांगेत सांगायला पाप सापडत नाही म्हणून मित्राकडून एक उसनं मागणं. हे कुठल्याही कोनशिलेवर नसतं. ते माणसांकडून काढून घ्यावं लागतं आणि माणसं म्हातारी होतायत, तेव्हा आधी त्यांच्याकडे जा, कपाट कुठे पळत नाही.

तुला भीती वाटते की दंडाचं लिहिलं तर फादर-सिस्टर लोकांच्या कष्टांवर पाणी पडेल. असं तुला कुणी सांगितलं? जरा मागे जाऊन बघ. जेझुइट म्हणजे शाळा-कॉलेजं चालवणारा कॅथलिक फादरांचा संघ, त्यांची 1599 ची शिक्षण-नियमावली आहे, रेशिओ स्टुडिओरम, तिच्यात वर्गात लॅटिनच बोलायचं, घरची भाषा नाही, हा नियम होता. आणि पुढच्या शतकात, 1680 च्या सुमारास, फ्रान्समधल्या रँसला जाँ-बातिस्त द ला सालने गरीब पोरांच्या शाळांसाठी शिक्षक ब्रदरांचा संघ उभा केला आणि लॅटिनपासून वाचन सुरू करायची रीत मोडून मुलांना आधी त्यांच्या फ्रेंचमधून वाचायला शिकवलं. त्याच ला सालला 1950 साली पोपनी शिक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केलं. म्हणजे घरच्या भाषेला बंदी घालणारे आणि घरच्या भाषेतून शिकवणारा, दोघंही एकाच चर्चच्या घरातले. हे त्या वहीशेजारी ठेवून लिहिलंस तर त्यात फादरांची बदनामी कुठे आली? वाचणाऱ्याला कळेल तरी की तो माणूस कुठल्या वळणात वाढला होता.

आणि कमिटीतलं कुणी आवाज चढवलाच तर त्यांना आरुपेंचं सांग. पेद्रो आरुपे जेझुइटांचे प्रमुख होते, 1973 साली वालेन्सियाला ते जेझुइट शाळांच्या युरोपातल्या माजी विद्यार्थ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनीच प्रश्न केला की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, आणि उत्तरही त्यांनीच दिलं, नाही घडवलं. समोर बसलेल्या काही मोठ्या लोकांना ते अजिबात आवडलं नाही. संघाचा प्रमुख भर सभेत हे बोलू शकतो आणि आपल्या स्मरणिकेला एका वहीची भीती वाटते?

नाव गाळायचं नाही, परत सांगतो, कारण गाळलेलं नाव नंतर शोधून सापडत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइटांनी 1838 साली 272 गुलाम माणसं लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली, त्यातला काही पैसा त्यांच्याच जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. शरमेनं मान खाली जावी असं काम, पण कागदावर नावं होती, म्हणून पावणेदोनशे वर्षांनी त्यांचे वंशज शोधता आले. तिथल्या एका इमारतीला ती विक्री ठरवणाऱ्या फादरचं नाव होतं, आज तिला आयझॅक हॉकिन्सचं नाव आहे. विक्रीच्या कागदावर पहिलं नाव त्याचं होतं.

तू म्हणशील सर एवढे का पेटलेत. तर ऐक.

मी शिकलो त्या शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका मी केली होती. बोर्डिंगमधला एक मुलगा आठवीपर्यंत माझ्या बाकावर होता, भूमितीत आम्हा सगळ्यांच्या पुढे. त्याला फी माफ होती आणि त्या बदल्यात तो शाळेची घंटा वाजवायचा, म्हणजे प्रत्येक तास संपायच्या दोन मिनिटं आधी उठून जायचा आणि पुढच्या तासाला उशिरा यायचा, चार वर्षं. दोराने तळहाताला पडलेला घट्टा तो आम्हाला कौतुकाने दाखवायचा. नववीत आला नाही. जनरल रजिस्टरमध्ये त्याच्या ओळीत, शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'मेसची बाकी'. मी त्याच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. प्रिन्सिपल फादर खूप मायेने म्हणाले, आनंदाचा प्रसंग आहे, हे आता कशाला, आणि मी त्या चार ओळी काढल्या.

समारंभाला तो आला होता. भिंतीशी उभा राहून त्याने पानं उलटली, घंटेच्या फोटोवर थांबला. खाली घंटा देणगी देणाऱ्याचं नाव होतं. तो एवढंच म्हणाला, "वाजवायचं कोण ते राहिलं का रे?" आणि पुस्तक परत गठ्ठ्यावर ठेवून जेवायलासुद्धा थांबला नाही.

मी तेव्हा त्याच शाळेत टेम्पररी होतो, घरात दोन पोरं होती, आणि माझी स्वतःचीही फी त्याच फादरांनी भरली होती. बोर्डिंगमध्ये रात्री टॉर्च घेऊन फिरणारे, पांघरूण सरकलेल्या पोराच्या अंगावर ते ओढून देणारे तेच. त्यांच्या शब्दाला नाही म्हणणं मला जमलं नाही आणि मला अजूनही वाटतं की तेव्हा माझ्या जागी कुणालाही जमलं नसतं. पण तुला तशी अडचण नाही ना, तुझी नोकरी त्यांच्या हातात नाही, मग तू कसली विचारात पडलीस? त्या फादरांची माया पण लिही, टॉर्च लिही, पांघरूण लिही, आणि रकान्यातली 'मेसची बाकी' पण लिही. दोन्ही खरं आहे. एक लिहायला दुसरं गाळायची गरज नसते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

एक कर, छापण्याआधी दंड झालेल्यांपैकी जे हयात आहेत त्यांना जाऊन भेट. नाव टाकायचं की नाही ते कमिटी नाही ठरवणार, मीही नाही, ज्याचं नाव आहे तो ठरवेल. नको म्हणाला तर नुसती इयत्ता आणि साल टाक, प्रसंग तसाच राहू दे. यादीतल्या प्रत्येकाला गाठ, जे सापडत नाहीत त्यांच्यासाठी महिना जास्त लागला तरी लागू दे, कमिटी थांबेल. रजिस्टरची पानं जुनी झाली की कडेने मोडतात, फोटो काढताना खालून पुठ्ठा सरकव, बोट ओलं करून उलटू नकोस.

आणि माझं एक काम. पुढच्या महिन्यात तू माझ्या शाळेच्या गावी जाणार आहेस म्हणालीस, तर तिथल्या ऑफिसात माझ्या बॅचचं रजिस्टर मागून घे. माझ्या नावाच्या पुढची तिसरी ओळ. तिचा फोटो पाठव, त्याच्या वडिलांचं नाव मला नीट वाचायचंय, मी लिहायला घेतलंय.

तुझा,
सर