पेशंट अचानक सिरीयस झाला की नर्सने आधी काय बघायचं?

तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन चार महिने, मेडिसिन वॉर्ड, नाईटला ३० पेशंटमागे तुम्ही दोघीच, आणि कुणी अचानक खराब झालं की आधी बीपी घ्यायचं का सलाईन लावायचं का डॉक्टरांना फोन करायचा काहीच सुचत नाही, आणि फोन केला तर डॉक्टर जे विचारतात नेमकं तेच बघितलेलं नसतं, असं तू लिहिलंयस. मी १९ वर्षं ही नोकरी करतेय, त्यातली ११ आयसीयूत. वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

एक क्रम ठरवून ठेव आणि तो कधीही मोडू नकोस. ए बी सी डी ई, कॉलेजात पाठ केलंच असशील. एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन, मग डिसॅबिलिटी म्हणजे शुद्ध, आणि एक्स्पोजर म्हणजे पांघरूण काढून अख्खं अंग बघणं. क्रम असाच का, तर ज्याने माणूस आधी जातो ते आधी बघायचं. श्वासनलिका बंद पडली तर हातात मिनिटं असतात, ताप १०३ असला तर अजून वेळ असतो. आणि दुसरं म्हणजे ए मध्ये अडचण दिसली की ती सोडवल्याशिवाय बी कडे जायचं नाही, आणि काहीही केलं, ऑक्सिजन लावला, सलाईन सोडलं, की परत ए पासून बघायचं. डोकं बंद पडतं तेव्हा हा क्रमच हाताला धरून नेतो, मला अजूनही नेतो.

ही शिस्त जगभर कशी पसरली ते मला फार लागतं म्हणून सांगते. १९७६ साली अमेरिकेत नेब्रास्कामध्ये जेम्स स्टायनर नावाच्या ऑर्थोपेडिक सर्जनचं छोटं विमान शेतात पडलं, बायको जागीच गेली, चार मुलं जखमी. जवळच्या हॉस्पिटलमध्ये मुलांवर जे उपचार झाले ते बघून तो हादरला, कारण तिथे काय आधी आणि काय नंतर याची काही पद्धतच नव्हती. त्यातूनच अपघाताच्या पेशंटसाठी एटीएलएसचा, म्हणजे जीव वाचवायला आधी काय करायचं ते डॉक्टरांना शिकवणारा, कोर्स उभा राहिला. पुढे तोच क्रम मेडिसिनच्या पेशंटलाही लावला जाऊ लागला.

आता बेडजवळ काय करायचं ते. धावत जाऊन बीपीचा कफ बांधू नकोस. आधी पायथ्याशी दोन सेकंद उभी राहा आणि नुसतं बघ, रंग कसा आहे, बसलाय का आडवा, घामाने भिजलाय का, तुझ्याकडे बघतोय का. मग जवळ जाऊन खांद्याला हात लाव आणि विचार, काका काय होतंय? पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर एअरवे उघडा आहे, बोलण्यापुरता श्वास आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय, एवढं सगळं एका प्रश्नात कळतं. उत्तरच आलं नाही तर जोरात मदत मागव, जोडीदार सिस्टरला, मावशींना, मामांना, जे असतील त्यांना हाक मार, क्रॅश कार्ट म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली मागव, आणि मानेची नाडी आणि श्वास बघ, १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. गॅस्पिंगला, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या आचक्यांना, श्वास समजू नकोस. नाडी लागत नसेल किंवा शंका असेल तर छाती दाबायला सुरुवात, मिनिटाला १०० ते १२०, बाकी सगळं नंतर.

एअरवेला कान लाव. घुरघुर म्हणजे आत काहीतरी साठलंय, सक्शनच्या नळीने ओढून काढ. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडलीय, डोकं मागे आणि हनुवटी वर, पण पडलेला किंवा अपघाताचा पेशंट असेल तर मान न हलवता फक्त जबडा पुढे. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर जराही वाट बघू नकोस, डॉक्टर आत्ताच्या आत्ता हवेत. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात सैल कवळी आहे का बघ, मी दोनदा काढलीय.

आता बी. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण आपण सगळ्यात जास्त इथेच चुकतो.

२००९ ची गोष्ट. मी तेव्हा एका खासगी हॉस्पिटलात जनरल वॉर्डला होते, इव्हिनिंग ड्युटी. ५४ वर्षांचे एक शेतकरी काका, आदल्या दिवशी न्यूमोनिया म्हणून अ‍ॅडमिट झालेले. टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास लिहायच्या तक्त्यावर, श्वासाच्या रकान्यात २०, २०, २०, २० असं ओळीने लिहिलेलं आणि चारला मी पण २० च लिहिलं, न मोजता, कारण सगळेच तसं लिहितात, वॉर्डात कुणाचाही श्वास कायम २० असतो. पल्स १०४, बीपी ११०/७०, ताप १००, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन ९४, हे मी खरोखर बघून लिहिलं होतं. काका कॉटच्या कडेला पाय खाली सोडून, गुडघ्यांवर हात टेकून बसलेले. त्यांची बायको मला म्हणाली, सिस्टर, हे सकाळपासून आडवेच होईनात. मी म्हटलं, बसू द्या ना, बसल्यावर बरं वाटतं त्यांना. आणि पुढच्या बेडला गेले. रात्री आठला नाईटच्या सिनियर सिस्टर हँडओव्हर घ्यायला आल्या, काकांच्या बेडजवळ थांबल्या, मनगट हातात धरलं आणि घड्याळाकडे बघत एक मिनिट गप्प उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, चौतीस आहे. तोपर्यंत बीपी ८० वर आलेलं होतं. आयसीयू, व्हेंटिलेटर, आणि तिसऱ्या दिवशी काका गेले. चारला कळवलं असतं तर वाचले असते का, हे मला कुणी सांगू शकत नाही, पण ते चार तास माझ्या हातात होते आणि मी ते घालवले, हे मी तेव्हापासून विसरलेले नाही.

नंतर २०१२ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने न्यूज नावाचा, पेशंट बिघडतोय हे आधीच ओळखायचा, स्कोअर काढला, २०१७ ला त्याची सुधारलेली आवृत्ती आली, आपल्याकडेही काही हॉस्पिटलांत असे तक्ते भरतात. त्यात श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप यांना मार्क असतात, बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, ७ झाली की इमर्जन्सी. मी तो शिकले त्या दिवशी घरी येऊन काकांचे आकडे मांडले. श्वास २० धरला तर बेरीज ३. श्वास ३४ धरला तर ६, आणि एकट्या श्वासालाच ३ मार्क, जे एकटंसुद्धा डॉक्टरांना बोलवायला पुरेसं आहे. बाकी एकही आकडा बदलायचा नाही, फक्त तो एक.

म्हणून पूर्ण ६० सेकंद मोज. सेकंदकाटा असलेलं घड्याळ जवळ ठेव. नाडी बघतेयस असं दाखवून मनगट हातात धर आणि छातीकडे बघ, कारण श्वास मोजतायत कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. १२ ते २० ठीक, २१ च्या पुढे लक्ष ठेव, २५ किंवा जास्त आणि ८ किंवा कमी म्हणजे धोका. सोबत बघ की मानेचे स्नायू ओढले जातायत का, छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलतेय का, एका दमात किती शब्द बोलता येतायत. ऑक्सिजन लावल्यावर सॅच्युरेशन ९८ आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस, श्वास ३२ च असेल तर पेशंट दमतोय. बोट गार असलं, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असली तर मशीन चुकीचं दाखवू शकतं, त्याची लाट नीट येतेय का ते आधी बघ. खूपच सिरीयस असेल तर पिशवीवाला मास्क, १५ लिटर, पिशवी आधी फुगवून घे. बहुतेकांना ९४ ते ९८ पुरे, सीओपीडी म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट दम्यासारखा आजार असलेल्यांना ८८ ते ९२, आणि सीओपीडी म्हटलं की फक्त विडी ओढणारे आजोबा डोळ्यासमोर आणू नकोस, जन्मभर चुलीपुढे बसलेल्या आज्याही त्यात असतात.

सी साठी हात वापर. पेशंटचा हात गार कुठपर्यंत आहे ते चाचपत वर जा, नुसती बोटं, का मनगट, का कोपरापर्यंत. नख किंवा छातीचं हाड ५ सेकंद दाबून सोड, २ सेकंदांत रंग परत यायला हवा. नाडी बोटांनीच बघ, नियमित आहे का ते मशीनच्या आकड्यात कळत नाही. बीपी पडायची वाट बघू नकोस, तरुण माणूस बराच रक्तस्राव होईपर्यंत बीपी धरून ठेवतो आणि मग एकदम कोसळतो. पावसाळ्यात डेंग्यूच्या पेशंटचं बीपी १००/८० आलं तर आकडा बरा दिसतो पण वरच्या-खालच्यात फक्त २० चा फरक उरलाय, हे शॉकचं लक्षण आहे, लगेच कळव. युरीन बॅगेत डोकाव, किलोमागे तासाला अर्धा एमएल, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० तरी हवी. मोठी इंट्राकॅथ म्हणजे शिरेतली सुई, जमलं तर दोन, आणि लावतानाच रक्ताचे सॅम्पल काढून ठेव. छातीत दुखत असेल तर १० मिनिटांत ईसीजी.

डी मध्ये शुद्ध, डोळ्यांच्या बाहुल्या आणि एचजीटी म्हणजे बोट टोचून बघायची साखर. एचजीटी विसरू नकोस, बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या प्रत्येकाची साखर बघायचीच, मग त्याला सोडायला आलेले लोक कितीही सांगोत की हा प्यायलाय. दारूचा वास येतो म्हणून साखर ३८ नसते असं थोडंच आहे. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस आणि कपड्यांना औषधाचा उग्र वास आला तर फवारणीचं विष डोक्यात आण, आणि ग्लोव्ह्ज घातल्याशिवाय त्या कपड्यांना हात लावू नकोस. आणि काल नीट बोलणारे आजोबा आज नातवाला ओळखत नाहीयेत, याला वय झालं म्हणून सोडू नकोस, नव्याने आलेल्या गोंधळाला त्या स्कोअरमध्ये पूर्ण ३ मार्क आहेत.

ई म्हणजे पडदा ओढून, चादर हळू बाजूला करून पुढून मागून बघणं, आणि बघून झालं की परत नीट पांघरूण घालणं, माणूस बेशुद्ध असला तरी त्याला लाज असते. पाठ, टाचा, काखा, बाळंतिणीचा पॅड, ड्रेनची बाटली, पुरळ, चावल्याच्या खुणा. एकदा पहाटे पोटात दुखतंय म्हणून सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आला, जुलै महिना, उलटी, गॅसचं इंजेक्शन दिलेलं. डोळे उघड म्हटलं तर तो कपाळाला आठ्या घालून पापण्या वर ओढत होता आणि त्या परत खाली येत होत्या. विचारलं रात्री कुठे झोपला होतास, म्हणाला खाली जमिनीवर. अंगभर शोधून खूण सापडली नाही, मण्यारीची बरेचदा सापडतच नाही. एका दमात आकडे मोजायला लावले तर पंधरापर्यंत गेला, पाच मिनिटांनी आठला अडकला. डॉक्टर तिथेच होते, सर्पदंशाचं औषध सुरू झालं आणि नळीची तयारी ठेवली होती म्हणून व्हेंटिलेटरवर नीट गेला, चालत घरी गेला. म्हणजे ई पर्यंत पोचले तरी परत बी कडेच यावं लागलं बघ.

फोनवर डॉक्टर चिडतात म्हणालीस. सर, पेशंट जरा खराब वाटतोय एवढंच सांगितलं तर त्यांना तिकडे काहीच दिसत नाही. असं सांग: सर, मेडिसिन वॉर्डमधून सिस्टर बोलतेय, बेड १४, ५४ वर्षं, कालचा न्यूमोनिया, श्वास मोजून ३४, सॅच्युरेशन हवेवर, म्हणजे ऑक्सिजन न लावता, ९४, पल्स १०४, बीपी ११०/७०, शुद्धीवर आहेत पण शब्द तुटतायत, मी बसवलंय आणि ऑक्सिजन चालू केलाय, तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं. फोनआधी हे कागदावर लिहून घे, फाईल हातात ठेव. त्यांनी तोंडी ऑर्डर दिली तर परत म्हणून दाखव. आले नाहीत किंवा उचलला नाही तर त्यांच्या वरच्यांना कर, आणि किती वाजता कुणाला केला ते नोट्समध्ये लिही.

नुसतं वाटतंय, आकडे सगळे ठीक आहेत, असंही होईल. तरी कळव. घरचं माणूस म्हणालं की आज हे नेहमीसारखे नाहीत, तर तेही त्यांच्याच शब्दांत नोट्समध्ये उतर, वेळ घाल, आणि १५ मिनिटांनी परत येऊन ए पासून बघ, श्वास परत पूर्ण मिनिट मोजून.