वसईचा नाताळ भिंतीवर नेण्यापूर्वी

प्रिय मुली,

नाताळात वसईच्या एका गायकवृंदाची छायाचित्रे काढायची आणि फेब्रुवारीत त्यांचे प्रदर्शन भरवायचे, हा तुझा बेत वाचून आनंद झाला. मात्र तुझ्या पत्रात कॅमेऱ्याविषयी दोन पाने आहेत आणि गाण्याविषयी एकही ओळ नाही, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

केवळ मध्यरात्रीच्या मिस्सावर, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या मुख्य उपासनेवर, विसंबून राहू नकोस. नाताळगीतांच्या तालमी आगमनकाळातच, म्हणजे नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांतच, सुरू होतात, आणि कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या माणसाची गायकांना सवय व्हायला तीन-चार संध्याकाळी सहज जातात. फादरांची व वृंदप्रमुखांची परवानगी घे, पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेव आणि नुसते ऐक. ‘म’ किंवा ‘प’ उच्चारताना ओठ मिटतात, त्यामुळे त्या क्षणी टिपलेला गायक गप्प बसल्यासारखा दिसतो. उलट लांबवलेल्या ‘आ’कारावर चेहरा उघडतो, मान स्थिरावते आणि शटर थोडे मंद असले तरी चित्र हलत नाही. असे स्वर गीतात कुठे येतात हे आधी पाठ असेल, तर शंभरऐवजी दहाच चित्रे काढावी लागतील.

आगमनकाळाच्या रविवारी ‘ग्लोरिया’ हे देवाचे स्तुतिगीत गात नाहीत. नाताळच्या मिस्सात ते घंटानादासह परत येते. त्या रात्री मी असतो, तर बाकी सारे सोडून त्याच क्षणासाठी उभा राहिलो असतो. फ्लॅश अर्थातच नको. ती उपासना आहे, स्टेजवरचा कार्यक्रम नव्हे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, ३२०० ठेवायला कचरू नकोस, कारण पडद्यावर खुपणारे कण कागदावर बरेच विरतात. स्वस्त एलईडी माळा मात्र जपून हाताळ. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने त्या सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरने चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले की हा त्रास सहसा टळतो. वसईच्या कुपारी ख्रिस्ती समाजातल्या आजींचे लाल लुगडे पिवळ्या दिव्यांत फार लवकर सपाट लाल डाग होऊन बसते, तेव्हा तिथे कॅमेऱ्यात प्रकाश थोडा कमीच घे.

आता छपाईकडे येतो, कारण माझी खरी फजिती तिथेच झाली होती. माझ्या पहिल्या प्रदर्शनाच्या प्रती इतक्या काळवंडून आल्या की अर्धा वृंद अंधारात गडप झाला, आणि दोष ना छापणाऱ्याचा होता ना कागदाचा. मी रात्री अंधाऱ्या खोलीत, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून चित्रे दुरुस्त केली होती. पडदा स्वतः उजळतो, कागद मात्र समोरून पडलेला उजेडच परत देतो. म्हणून पडद्याचा उजेड उतरव, सावल्या किंचित मोकळ्या कर आणि मोठी प्रत काढण्यापूर्वी त्याच कागदावर एक पट्टी छापून ती दिवसाच्या उजेडात बघ. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, कागदावर लुगड्याचा तो लाल रंग हमखास मंदावतो. तो हवाच असेल, तर बरायटा हा किंचित चमकदार छायाचित्र-कागद घे. तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या चित्राची, ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) धरले, तर साधारण २०×१३ इंचांची प्रत उत्तम निघेल. त्याहून मोठा आकार मला तरी या विषयाला शोभेसा वाटत नाही. ताजी प्रत लगेच काचेखाली बंद करू नकोस, एक दिवस सुकू दे. आणि साधी काच टाळ: काळोखी चित्रासमोर ती आरसा होते, मग प्रेक्षकाला गायकांऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो.

मुंबईतल्या जहांगीर कलादालनाच्या टेरेस गॅलरीचे तुझे स्वप्न असू दे, तारखेची चौकशीही करून ठेव. पण पहिले प्रदर्शन त्याच चर्चच्या सभागृहात भरव. चित्रांचे मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर येऊ देत, मात्र तिथे खुर्चीवर बसून पाहणाऱ्या आजी बऱ्याच असतील, त्यांच्यासाठी एक रांग खाली घे. चित्रे वीसच लाव. तालमीतला कोणता चेहरा कोणत्या ओळीवर उघडला आहे, हे गायक तुला स्वतःच सांगतील, आणि ज्या चित्रापाशी ते न थांबता पुढे जातील, ते मुंबईला नेऊ नकोस.

६ जानेवारीचा तीन राजांचा सण झाला की छोट्या प्रती घेऊन ये. रविवारी दुपारी मी घरीच असतो. जेवणाचे टेबल रिकामे करून ठेवतो.

तुझा,
सर