गोळ्या ठेवणार कुठे?

प्रिय डॉक्टर,
(आता तुला असंच म्हणायला हवं!)

तुझा मेसेज वाचला. पुलाखालच्या बेघरांच्या तपासणी कॅम्पमध्ये तू एकाच्या केसपेपरवर वय ६० लिहिलंस आणि तो हसून म्हणाला, 'साहेब, त्रेचाळीस.' तुला शरमल्यासारखं झालं. होऊ दे, पण तुझी नजर काही फार चुकली नव्हती. दहा-पंधरा वर्षं फूटपाथवर काढली की गुडघे, दात, डोळे, तोल, आठवण, सगळंच आधी म्हातारं होतं. अमेरिकेत ओकलंडमध्ये पन्नाशीतल्या बेघर माणसांना तपासलं, तर त्यांची दुखणी सत्तरीतल्या माणसांची निघाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ साली बेघर अवस्थेत वारलेल्या पुरुषांचं सरासरी वय ४५ होतं, बायकांचं ४३. आपल्याकडे अशांतले कितीतरी 'बेवारस' म्हणून पोलिसांच्या वहीत जातात. तेव्हा वय विचारूनच लिही, पण तपासताना त्यात वीस वर्षं मिळव.

तुझी दुसरी तक्रार: 'सांगूनसुद्धा औषधं घेत नाहीत.' हे वाक्य मी स्वतः बारा वर्षं म्हणत होते. एका मावशींनी ते बंद केलं.

त्या रेल्वेच्या भिंतीला ताडपत्री लावून राहायच्या, सोबत वयात आलेली मुलगी. प्रेशर १८०च्या वर. मी प्रेशर उतरवायला लघवी वाढवणारी गोळी लिहून दिली, सकाळी एक. दोन महिने झाले तरी आकडा ढिम्म. मी चांगलंच झापलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, 'बाई, ती गोळी घेतली की सात-आठ वेळा जावं लागतं. एका वेळेचे पाच रुपये. रात्री तर संडासाला कुलूपच असतं. तुम्हीच सांगा, कुठं बसू?' मग हळूच कळलं की त्या दुपारी चारनंतर पाण्याचा घोटही घेत नाहीत. लघवीच्या जळजळीसाठी त्या वर्षातून तीनदा माझ्याकडे यायच्या. त्या गोळ्याही मीच देत होते. दोन्ही कागद माझ्याच टेबलावर, आणि मला ते जोडता आले नव्हते.

मी ती बदलून प्रेशरची दुसरी गोळी, अम्लोडिपीन, सुरू केली. प्रेशर उतरलं, पण पाय सुजले. ही गोळी काहींचे पाय सुजवते, हे तुला पाठ असेल. पण त्यांचे पाय आधीपासूनच जड असायचे. कारण पुस्तकात मिळणार नाही: त्या रात्री आडव्याच होत नसत. मुलीचं डोकं मांडीवर, पाठ भिंतीला, पाय खाली सोडलेले. बसून झोपणाऱ्या माणसाच्या पायातलं रक्त-पाणी वर चढत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की घोट्याजवळची कातडी काळी पडते, चिरते, आणि मग ती जखम काही केल्या भरत नाही.

झोपेबद्दल तर आपण विचारतच नाही. दुकानं बंद होईपर्यंत पथारी टाकता येत नाही, पहाटे झाडूवाले येतात, मधे कुणीतरी काठीनं उठवतं. तुटक झोपेनं प्रेशर वाढतं, साखरही वाढते. हे एका आठवड्याचं नाही, वर्षांचं गणित आहे. 'रात्री सलग किती तास झोपता?' हा प्रश्न केसपेपरवर छापलेला नसतो. हातानं लिही.

डायबेटिसवाल्याला 'भाकरी-भाजी खा, तळलेलं टाळा' असं सांगू नकोस, प्लीज. चूल नाही त्याच्याकडे. तो वडापाव खातो, नाहीतर देवळाबाहेर मिळेल ते. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड लिहिण्याआधी जेवणाची खात्री विचार. गोळी पोटात आणि अन्न नाही, असं झालं तर साखर एकदम घसरते. माणूस घामाघूम होतो, बरळतो, लडखडतो, आणि रस्त्यावरचे म्हणतात, 'बेवडा आहे, पडू दे.' तुझ्या पिशवीत साखर आणि ग्लुकोमीटर असलाच पाहिजे. तोंडाला दारूचा वास आला तरी साखर तपास. इन्सुलिन द्यावंच लागलं, तर उन्हाळ्यात त्याची बाटली मातीच्या मडक्यात ठेवता येते, पण मडकं कुणाच्या दारात, हे आधी ठरव.

तोच प्रश्न टीबीचा. औषधं सहा महिने, पहिले दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. तेवढ्या काळात अतिक्रमणाची गाडी एकदा तरी येते आणि गाठोडं उचलून नेते. त्यात गोळ्या, एक्स-रे, आधार कार्ड, सगळंच जातं. माणूस घाबरून दुसऱ्या स्टेशनाकडे सरकतो आणि आपण रजिस्टरमध्ये लिहितो: उपचार सोडले. अर्धवट सोडलेल्या औषधांना मग जंतू जुमानत नाहीत. मी गोळ्या चहाच्या टपरीवाल्याकडे ठेवायला लागले. तो चहाबरोबर गोळी द्यायचा आणि कॅलेंडरवर फुली मारायचा. पेशंटचा निक्षय आयडी, म्हणजे टीबीच्या सरकारी नोंदणीचा नंबर, त्याच्याकडेही लिहून ठेव. हा नंबर असला की दुसऱ्या केंद्रातही उपचार पुढे चालू करता येतात. टीबीच्या पेशंटला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० झाले, पण ते बँकेत जमा होतात. खातं नसेल तर एक सकाळ त्यासाठी घालव. डॉक्टरचं काम नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

निवाऱ्यांचं थोडक्यात सांगते. नियम दर लाख लोकसंख्येमागे १०० जणांच्या निवाऱ्याचा. २०११च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे असे सव्वाशे निवारे हवेत. तितके नाहीत. असलेल्यांची यादी जवळ ठेव. कुटुंबाला एकत्र घेतात का, हेही फोन करून विचार. नवऱ्याला एकीकडे आणि बायकोला दुसरीकडे पाठवलंस, तर दोघंही उद्या पुलाखालीच दिसतील.

त्या मावशींना पुढे मुलीच्या सासरी, मानखुर्दला, खोलीत जागा मिळाली. मी भेटायला गेले होते. घोट्याची जखम तशीच. कॉट होती, पण त्या दारापाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. 'आडवं झालं की जाग येते,' म्हणाल्या. प्रेशरची गोळी मात्र फळीवर, देवाच्या फोटोशेजारी, रोज न चुकता.

येत्या शनिवारी पायांपासून सुरुवात करू. बॉस्टनचे डॉ. जिम ओ'कॉनेल १९८५ साली बेघरांसाठी काम करायला गेले, तेव्हा तिथल्या नर्सनं स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावून त्यांना आधी लोकांचे पाय धुवायला बसवलं होतं. आपल्याला तर पावसाळ्यात दुसरा इलाजच नाही. पाय पाण्यात घातले की बोटांमधल्या चिखल्या दिसतात, कधी अळ्या पडलेली जखम दिसते आणि मुख्य म्हणजे माणूस बोलायला लागतो. साचलेल्या पाण्यातून चालला असेल आणि पायावर खरचटलं असेल, तर लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा ताप) टाळायची गोळी, डॉक्सिसायक्लिन, ७२ तासांच्या आत द्यायची, हे विसरू नकोस.

दोन टब मी आणते. तू जाड नखांची कात्री, टॉर्च, गॉज, जुने टॉवेल आणि कोरडे मोजे आण, मोजे मोठ्या मापाचे. सँडल घालून येऊ नकोस. साडेनऊला टपरीपाशी भेट.

तुझी,
डॉक्टरबाई