पाहुण्यांसाठी सणाचा स्वयंपाक आधी करून बघावा का?

करून बघा. नक्की बघा.

दिवाळीला सासर-माहेर मिळून अठरा माणसं येणार, चवी सगळ्यांच्या वेगळ्या, मेनू कसा ठरवू, असा तुमचा प्रश्न आहे. पण मी लिहायला बसले ते त्यातल्या एका वाक्यामुळे. दोन-तीन पदार्थ आधी करून बघते म्हटल्यावर तुमच्या सासूबाई म्हणाल्या, ‘हाताला चव असली की करून बघावं लागत नाही.’ जवळजवळ हेच वाक्य मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकलंय.

माझं माहेर रत्नागिरीचं, सासर नागपूरचं, घर पुण्यात. सासरी गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांचं जेवण म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा स्वयंपाक. पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, अंबाडी, कढी, वडे, ज्वारीची आंबील. कांदा-लसूण नाही. आणि नैवेद्य दाखवेपर्यंत कशाचीही चव बघायची नाही. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले म्हणून 2016 साली महालक्ष्म्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. पंगतीला बावीस माणसं, त्यात माझे आई-बाबासुद्धा.

सकाळी पाचला उठून मी आणि माझ्या जाऊबाई ओट्याशी उभ्या राहिलो. पुरणाची डाळ शिजली, कट काढला, मोठ्या पातेल्यात आमटी उकळायला ठेवली. मीठ मी घातलं. मग मी पुरण वाटायला घेतलं. जाऊबाईंनी आमटीत चिंचेचा कोळ घातला, आणि मीठही. मी घातलंय हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी घातलं हे मला माहीत नव्हतं, आणि चव कुणी घ्यायची नव्हतीच. आरती झाली, नैवेद्य दाखवला, पानं वाढली. पहिला घास घेतल्यावर नवऱ्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं. धावत जाऊन उरलेल्या आमटीत उकळतं पाणी आणि गूळ घातला, पण पहिली वाढ झालेली होती. नवऱ्याच्या मोठ्या काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘कोकणातल्या मुलीच्या हाती पुरणावरणाचं दिलं की असंच होते.’ माझी आई दोन पानं सोडून बसली होती. तिने ती खारट आमटी भाताबरोबर संपवली आणि वाटी पुढे करून पुन्हा मागितली. मला ती वाटी अजून दिसते.

पुढच्या वर्षी मी महालक्ष्म्यांच्या आधीचे दोन रविवार राखून ठेवले. सासूबाई आलेल्याच होत्या. म्हणाल्या, ‘देवाच्या स्वयंपाकाची का परीक्षा घेऊन राहिली तू? आमच्या वेळी नव्हतं असं काही.’ मी त्यांना तेव्हा जे नीट सांगू शकले नाही ते आता सांगते. ज्या दिवशी चव बघायची मुभाच नाही, त्या दिवसाची चव आधीच बघून ठेवावी लागते. त्यांची चव चाळीस वर्षं दर भाद्रपदात बघून झाली होती. माझी नव्हती. आणि अनारशाचं काय? कितीही मुरलेली बाई असो, आधी एकच अनारसा तुपात सोडते आणि हसतो का, म्हणजे तुपात फुटून पसरतो का, ते बघते. चकलीचा पहिला घाणा विरला तर पीठ वाढवते, कडक झाला तर मोहन वाढवते. ही चाचणीच आहे. तिला कुणी अडाणी म्हणत नाही. मग मी एक वाटी डाळीचं पुरण आधी करून बघितलं तर माझा अनुभव कमी कसा?

त्या दोन रविवारी जे सापडलं ते मी वहीत लिहिलं. आमटीला दर लिटरला साधारण 10 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दोन चहाचे चमचे, तेही एकाच माणसाने घालायचं आणि मिठाचा डबा लगेच कपाटात ठेवायचा. अंदाज चुकायचाच असेल तर कमीकडे चुकावा, कारण पंगतीत वरून मीठ घेता येतं. आंबील नागपुरात एका रात्रीत आंबट होते. पुण्यात पावसाळी गारव्यात माझ्याकडे दोन रात्री लागल्या. पहिल्या रविवारी ती नुसती ज्वारीची पेज लागली होती. आमच्या खालच्या मजल्यावर अमरावतीच्या काकू राहायच्या, त्यांना वाटीभर नेऊन दिली. त्यांनी एक चमचा घेऊन वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘ताक आंबट नाही तुझं.’ असं माणूस शोधा. घरातली माणसं ‘छान झालंय’ म्हणतात आणि त्याचा काही उपयोग नसतो.

आणखी एक गोष्ट करून बघितल्यावरच कळली. पाच लिटरच्या कुकरमध्ये किलोभर डाळ एका वेळी बसत नाही, कारण डाळ आणि पाणी मिळून निम्म्याच्या वर भरायचं नसतं. म्हणजे दोन खेपा, आणि तेवढा वेळ आधीच धरायचा. थोडं करून बघितलं की चव कळते, वेळ कळत नाही. मोठ्या पातेल्यात पाणीही कमी आटतं. म्हणून दुसऱ्या रविवारी सगळ्यात मोठं पातेलं काढून आमटी पूर्ण मापात केली आणि शेजारी वाटली.

वेगवेगळ्या चवींचं म्हणाल तर प्रत्येकाला फोन करून ‘काय करू?’ विचारू नका. अठरा फर्माइशी येतील आणि एकही धड होणार नाही. मुख्य स्वयंपाक एकाच घराच्या पद्धतीचा ठेवा, पूर्णपणे त्याच पद्धतीचा. नागपूरच्या पुरणपोळीत पुरण गच्च आणि आवरण नावाला, वर तुपाची वाटी. ती माझ्या माहेरच्यांसाठी मी पातळ करत नाही. पण प्रत्येकाच्या पानात त्याची ओळखीची एक गोष्ट ठेवते. नणंदेचे मिस्टर कोल्हापूरचे, त्यांना हिरव्या मिरचीचा खर्डा. नैवेद्याच्या दिवशी लसणाऐवजी जिरं घालून. आई-बाबांना ओल्या नारळाची चटणी आणि सोलकढी, आणि विसर्जनाच्या दिवशी सकाळी घावन-घाटलं. भाच्यांना साधं वरण, भात, तूप, लिंबू. या बाजूच्या गोष्टी करून बघायची गरज नाही, त्या हातातल्या असतात.

करून बघायचं ते फक्त ज्या घराची चव आपल्या जिभेला लहानपणापासून नाही त्याचं. तुमच्या दिवाळीत ते काय असेल ते तुम्हालाच माहीत. फराळात बहुधा चकलीची भाजणी, कारण दळणाच्या प्रत्येक खेपेला ती थोडी वेगळी वागते. आणि अनारसे करणार असाल तर ते, कारण तांदूळ तीन दिवस भिजवायचे, मग पीठ गुळात मुरवायचं. बिघडलं तर आयत्या वेळी दुसरं करता येत नाही.

फर्माइशी विचारू नका म्हटलं, पण पथ्य मात्र विचारा. मधुमेह, शेंगदाणे चालत नाहीत, उपास, हे आधी कळलंच पाहिजे. माझ्या सासऱ्यांना साखर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी पहिल्या वर्षी त्यांच्यासाठी वेगळं काही काढलं नव्हतं. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. आता त्यांच्यासाठी एक लहान पोळी आणि बाकी पान भाज्या-कढीचं, असं आधीच ठरलेलं असतं. आणि तुमच्याकडे नैवेद्याआधी चव घेतलेली चालत असेल, तर यातलं मिठाचं प्रकरण सोडून द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका, मी घातला आणि दोन दिवस घरात अबोला होता. रविवारी त्यांनाच पाटावर बसवा, एक वाटी हातात द्या आणि काय कमी आहे ते विचारा. माझ्या सासूबाईंना मी हे तिसऱ्या वर्षी विचारलं. त्यांनी पुरण बोटाने चेपून बघितलं, म्हणाल्या, ‘जायफळ कमी आहे आणि डाळ अजून एक शिटी घे.’ त्या दोन्ही गोष्टी वहीत त्यांच्या नावाने लिहिल्या आहेत.