वाचक विचारतात : ‘द लाँग नाइट’मधला अंधार

प्रश्न : ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मी पहिल्यांदाच पाहतो आहे. काल आठव्या पर्वाचा तिसरा भाग, ‘द लाँग नाइट’, पाहिला. विंटरफेलच्या लढाईत कोण कुणाला मारतंय तेच कळेना. ब्राइटनेस शंभरावर नेला तर सगळं राखाडी झालं. टीव्ही बिघडला आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : टीव्ही ठीक असावा. हा भाग २८ एप्रिल २०१९च्या रात्री अमेरिकेत (आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला) पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हाही जगभर हीच ओरड झाली होती. भाग ८२ मिनिटांचा आणि लढाईचं चित्रीकरण तब्बल ५५ रात्रींचं. छायाचित्रकार फॅबियन वॅग्नर यांनी मुलाखतींत सांगितलं, की अंधार मुद्दाम ठेवलेला आहे. लोकांचे टीव्ही नीट लावलेले नसतात आणि ते उजेडात बसून पाहतात. त्यांचं म्हणणं निम्मं पटतं. डोथ्राकी स्वार पेटती शस्त्रं घेऊन काळोखात घुसतात आणि दूरवर ज्वाळा एकेक करून विझत जातात, तिथे काही न दिसणं हाच त्या दृश्याचा जीव आहे. तटावरच्यांनाही तेवढंच दिसतं. पण ड्रॅगन ढगांत शिरतात तेव्हा पडद्यावर चौकोनी ठोकळे नाचतात, ते दिग्दर्शक मिगेल सापोचनिक यांच्या मनात नक्कीच नव्हते. शिवाय घरातल्या पडद्यासाठी चित्रण करणाऱ्याने घरातली ट्यूबलाइट गृहीत धरायलाच हवी.

आता तुमचा ब्राइटनेस. बऱ्याच टीव्हींवर या नावाचं बटण उजेड वाढवत नाही, काळ्याची पातळी वर उचलते. म्हणून चित्र राखाडी झालं. उजेड हवा असेल तर ‘बॅकलाइट’ किंवा ‘ओलेड लाइट’ वाढवा. (सोनीच्या अनेक टीव्हींवर उलट आहे : तिथे ‘ब्राइटनेस’ म्हणजेच उजेड आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ वेगळं.)

सुरुवात पिक्चर मोडपासून करा. ‘व्हिव्हिड’ सोडून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ निवडा. मग ‘इको’ किंवा ‘पॉवर सेव्हिंग’ आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर बंद करा. अंधाऱ्या प्रसंगात चित्र आणखी मंद करणारा सर्वांत मोठा गुन्हेगार बहुधा हाच असतो. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ही बंद, कारण तो काळसर छटा सरळ काळ्यात ढकलतो. ब्राइटनेस मूळ आकड्यावर आणून भागाच्या शेवटची श्रेयनामावली लावा. मागचा काळा रंग राखाडी व्हायला लागेपर्यंत एकेक अंक वाढवा, मग दोन अंक मागे या. एवढ्याने भागलं नाही तर गॅमा (काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारं सेटिंग) बदला : पूर्ण अंधारात २.४, दिवा चालू असेल तर २.२. तरीही गडद वाटलं तर टीव्हीत १.९ किंवा २.०ची सोय आहे का पाहा. गॅमाचा आकडा घटला की काळं जागेवर राहतं आणि त्याच्या लगतच्या छटा उजळतात. ब्राइटनेस वाढवून हे साधत नाही.

बाहेरचा बॉक्स किंवा स्टिक एचडीएमआयने जोडली असेल तर आणखी एक जागा तपासा. उजेडाच्या ० ते २५५ या मापात व्हिडिओतलं काळं १६वर आणि पांढरं २३५वर असतं. बॉक्स ० ते २५५ पाठवतो आहे आणि टीव्ही १६ ते २३५ धरून बसला आहे, असं झालं की १६च्या खालचं सगळं गडप होतं. या भागात त्या गडप झालेल्या छटांत निम्मी फौज असते! दोन्हीकडे ‘ऑटो’ ठेवा, नाहीतर दोन्हीकडे ‘लिमिटेड’ (म्हणजे १६ ते २३५).

प्रश्न : आमच्याकडे १०० एमबीपीएसची लाइन आहे, तरी रात्रीच्या आभाळात पायऱ्यांसारखे पट्टे का दिसतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : लाइन कितीही रुंद असली तरी कंपनी पाठवते तेवढंच येतं. एचडी स्ट्रीमिंगला साधारण ५ ते ८ एमबीपीएस मिळतात. साध्या ब्लू-रे डिस्कवर व्हिडिओला ४०पर्यंत जागा असते. त्यात ८ बिटच्या (प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असलेल्या) चित्रात अगदी गडद भागासाठी मोजक्याच छटा उरतात, म्हणून हळूहळू फिकट होत जाणारं आभाळ पायऱ्या पायऱ्यांनी फिकट होतं. धूर आणि हिमवादळ तर कॉम्प्रेशनचे वैरीच. एका फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधून जागा वाचवायची ही त्याची युक्ती, पण प्रत्येक कण दर फ्रेमला हलला की अंदाज कोसळतो आणि ठोकळे उमटतात.

करण्यासारखं थोडंच आहे. तुमचा प्लॅन ४के देतो का ते पाहा. मोबाइलपुरत्या प्लॅनमध्ये रिझोल्यूशन कमीच असतं. लॅपटॉपच्या ब्राउझरपेक्षा टीव्हीतल्या ॲपला बहुधा चांगली प्रत मिळते. भाग सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदं चित्र पुसटच येतं, तेवढ्यावरून निकाल देऊ नका. या एका पर्वासाठी ४के डिस्क मिळाली तर फरक डोळ्यांना लगेच कळेल.

प्रश्न : एचडीआर चालू केलं की चित्र उलट काळवंडतं. असं का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : एचडीआर म्हणजे गडद आणि उजळ भागांत जास्त फरक दाखवणारं चित्र. त्यात कोणता बिंदू किती उजळ हवा ते प्रत्यक्ष मोजमापात ठरलेलं असतं. खोलीत उजेड आहे म्हणून ते आपोआप वाढत नाही. शिवाय स्वस्त टीव्हीचा पडदा ३०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपासच दमतो. ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ (प्रसंगानुसार उजेड पडद्याच्या कुवतीला जुळवणारी सोय) असेल तर चालू करा आणि डॉल्बी व्हिजनमध्ये (हा एचडीआरचाच एक प्रकार) ‘डार्क’ऐवजी ‘ब्राइट’ किंवा ‘होम’ घ्या. एचडीआरची सेटिंग्ज वेगळी साठवली जातात, त्यामुळे वरची सगळी कसरत तिथे पुन्हा करावी लागेल. आणि सबटायटल्सचा रंग पांढऱ्याऐवजी राखाडी ठेवा. अंधाऱ्या प्रसंगात पांढरी अक्षरं एवढी झगझगतात की बाकीचं चित्र आहे त्याहून काळं भासतं.

प्रश्न : हे सगळं केलं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची पूर्वकथा सांगणाऱ्या ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’च्या पहिल्या पर्वातला सातवा भाग, ‘ड्रिफ्टमार्क’, तरीही मचूळच दिसतो.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तो तसाच दिसणार. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या या भागातले समुद्रकिनाऱ्यावरचे रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून नंतर गडद केले आहेत. ढगाळ दिवसाच्या उजेडात सावल्या मऊ आणि सगळीकडे सारख्या पडतात. वरून काळोख ओतला तरी त्या तशाच राहतात, म्हणून ना धड दिवस ना धड रात्र. तक्रारी आल्यावर एचबीओ मॅक्सने उत्तर दिलं, की मंद प्रकाश हा जाणीवपूर्वक घेतलेला कलात्मक निर्णय आहे. (दिग्दर्शक पुन्हा सापोचनिकच!) या भागासाठी गॅमा खाली ओढलात तर चेहरे अजून फिके पडतील आणि पुढच्या भागातल्या मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंगही बिघडतील. दिवे मालवून पाहा आणि सेटिंगला हात लावू नका.