बोटीतली बॅटरी बदलताना

प्रश्न : गंगापूर धरणाच्या जलाशयात माझी डिझेल इंजिनाची छोटी प्रवासी बोट आहे. तिच्यात १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर (लेड-अ‍ॅसिड, म्हणजे शिसे आणि आम्लाच्या) बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असून स्टार्टर, दिवे, बिल्ज पंप (तळातले पाणी उपसणारा), ध्वनिक्षेपक आणि फ्रीज असे सगळे त्यांच्यावरच चालते. छतावर सोलर पॅनेलही आहे. बॅटऱ्या आता लवकर उतरतात. विक्रेत्याचे म्हणणे असे की, त्याच मापाची लिथियम बॅटरी मिळते. जुनी काढून तिच्या जागी नवी ठेवायची, बाकी काही बदलावे लागत नाही. हे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तसे करू नये. लिथियम बॅटरी बोटीत जरूर बसवता येते आणि आपल्या वापरासाठी ती चांगलीही ठरेल; परंतु बॅटरीबरोबर तिला चार्ज करणारी व्यवस्थाही बदलावी लागते, आणि नेमके हेच आपल्याला सांगितले गेलेले नाही.

प्रथम बॅटरीचा प्रकार ठरवा. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी, याच रसायनाची बॅटरी घ्या. विजेवर चालणाऱ्या जुन्या दुचाकींतून काढलेले पॅक स्वस्तात मिळतात. त्यांतले बरेचसे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचे असतात, ते अधिक सहज पेट घेतात, आणि प्रवासी बोटीत त्यांना अजिबात जागा नाही. क्षमतेच्या बाबतीत मात्र आपला फायदा आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून आपल्या ३०० अँपिअर-अवरपैकी वापरण्याजोगे जेमतेम १५० असतात. २०० अँपिअर-अवरची एलएफपी ८० टक्क्यांपर्यंत वापरली तरी १६० मिळतात.

आता मुख्य मुद्दा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरत आली की करंट आपोआप कमी घेऊ लागते आणि अल्टरनेटरला उसंत मिळते. एलएफपीचा अंतर्गत रोध फार कमी असल्यामुळे ती जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तितका करंट ओढत राहते. पर्यटकांना घेऊन बोट संथ चालते तेव्हा इंजिनाचे फेरे कमी, म्हणून अल्टरनेटरचा पंखाही मंद, आणि भार मात्र पूर्ण. अशा वेळी त्याचे वेटोळे जळण्याचा धोका सर्वाधिक असतो. याहून गंभीर गोष्ट अशी की, प्रत्येक लिथियम बॅटरीत बीएमएस नावाचे नियंत्रक सर्किट असते आणि व्होल्टेज, करंट किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले की ते बॅटरीला तत्क्षणी तोडते. बॅटरीच्या दृष्टीने हे योग्यच आहे; पण त्या वेळी अल्टरनेटर ५०-६० अँपिअर देत असेल तर त्या विजेला जायला जागाच उरत नाही, दाब क्षणभर ४० व्होल्टच्याही पलीकडे उसळू शकतो, आणि अल्टरनेटरच्या डायोडपासून एलईडी दिव्यांपर्यंत काहीही निकामी होऊ शकते.

यावरचा सोपा आणि खात्रीचा उपाय म्हणजे स्टार्टरसाठी एक वेगळी लेड-अ‍ॅसिड बॅटरी ठेवणे. अल्टरनेटर थेट तिलाच जोडायचा, आणि तिच्यापासून डीसी-टू-डीसी चार्जरमार्फत (एका बॅटरीवरून दुसरी ठरावीक करंटने भरणारे उपकरण) एलएफपी चार्ज करायची. साधारण ३० अँपिअरचा चार्जर आपल्याला पुरेल. तो ठरावीक करंटच घेतो, म्हणून अल्टरनेटर तापत नाही. बीएमएसने एलएफपी तोडली तरी अल्टरनेटरसमोर लेड-अ‍ॅसिड बॅटरी असतेच. डिझेल इंजिनाचा स्टार्टर काही क्षण शेकडो अँपिअर ओढतो, तो भारही साध्या लिथियम बॅटरीच्या बीएमएसवर टाकू नये. बिल्ज पंप आणि दिशादर्शक दिवे याच स्टार्टर बॅटरीवर घ्या, किंवा स्विच फिरवून तिच्यावर घेता येतील अशी सोय करा. प्रवासी बसलेले असताना एखाद्या सर्किटच्या निर्णयाने पंप बंद पडणे कदापि चालणार नाही. दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या परस्परांना थेट समांतर मात्र जोडू नका: पूर्ण भरलेली एलएफपी १३.३ व्होल्टच्या आसपास स्थिरावते, लेड-अ‍ॅसिड १२.७ च्या, त्यामुळे पहिली दुसरीत सतत करंट ढकलत राहते.

सोलर चार्ज कंट्रोलरला लिथियमची स्वतंत्र सेटिंग असेल तरच तो ठेवा. चार्जिंगचे व्होल्टेज १४.२ ते १४.४, फ्लोट (बॅटरी भरल्यावर टिकवून ठेवण्याचे व्होल्टेज) १३.५ च्या आसपास, आणि इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडसाठी मुद्दाम दिले जाणारे जादा चार्जिंग) व तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय, दोन्ही बंद. इक्वलायझेशनमध्ये व्होल्टेज १५ च्या वर जाते आणि बीएमएस बॅटरी तोडते.

फ्यूजबाबत काटकसर नको. एलएफपी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर वाहतात आणि मोटारीचा साधा फ्यूज वितळूनही आतल्या ठिणगीतून करंट चालू राहू शकतो. २०,००० अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकणारा क्लास-टी फ्यूज धन टोकापासून शक्यतो १८ सेंटिमीटरच्या आत लावावा. जोडण्याही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. दीडशे अँपिअर वाहणाऱ्या केबलच्या लगमध्ये, म्हणजे टोकावरच्या धातूच्या जोडणीत, ५ मिलिओहम एवढाच रोध राहिला तरी तेथे सुमारे ११२ वॉट उष्णता निर्माण होते. प्रथम इन्सुलेशन तपकिरी पडते, मग लगजवळ कडक होऊन तडकते. म्हणून लग हातोडीने ठोकून बसवू नयेत, हायड्रॉलिक क्रिंपिंग यंत्रानेच दाबून घ्यावेत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत विजेच्या पॅनेलचे काम करणाऱ्या कुशल कारागिराकडून हे करून घ्या.

बॅटरी इंजिनाच्या खोलीत ठेवू नये. नाशिकचा उन्हाळा चाळिशी गाठतो, आणि डेकखाली त्याहून अधिक तापते. थंडीकडेही लक्ष हवे: शून्याखाली एलएफपी चार्ज केली तर ती कायमची बिघडते, आणि निफाडला पारा शून्याच्या अगदी जवळ गेल्याच्या नोंदी आहेत, म्हणून कमी तापमानात चार्जिंग थांबवणारा बीएमएसच घ्या. एक ट्यूब्युलर बॅटरी साधारण ५५ किलोची असते, त्यामुळे दोन्ही काढून एलएफपी बसवली की सुमारे ८० किलो वजन बोटीच्या तळातून कमी होईल. स्टार्टरच्या बॅटरीमुळे ही घट काहीशी कमी होईल, तरी बोट कशी तरंगते ते पुन्हा पाहावे लागेल.

बोटींसाठी मानके ठरवणाऱ्या अमेरिकी एबीवायसी संस्थेच्या २०२२ च्या ई-१३ या मानकात बीएमएस बॅटरी तोडण्यापूर्वी चालकाला इशारा मिळावा, असे म्हटले आहे. तशी सोय असलेलीच बॅटरी निवडा. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू असल्यामुळे बदललेल्या जोडणीची आकृती बोटीची तपासणी करणाऱ्या सर्वेक्षकाला आधी दाखवा. काम पूर्ण झाल्यावर, प्रवासी न घेता, इंजिन चालू ठेवून एलएफपीचा स्विच बंद करा आणि अल्टरनेटरच्या टोकांवर मीटर लावा. आकडा १५ व्होल्टच्या वर जाता कामा नये.

प्रश्न : काढलेल्या जुन्या बॅटऱ्यांचे काय करावे? भंगारवाला चांगली किंमत देतो आहे.
— तेच वाचक

उत्तर : त्याला देऊ नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी उत्पादकाच्या संकलन व्यवस्थेत किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवी. भंगारात बहुधा अ‍ॅसिड उघड्यावर ओतून शिसे काढले जाते, आणि आपली बोट ज्या जलाशयात चालते त्याचेच पाणी नाशिककर पितात. नवी बॅटरी घेताना जुन्या दोन्ही विक्रेत्यालाच परत द्या. त्यांची किंमत बिलात वजा करून मागा आणि परत दिल्याची पावती जपून ठेवा.